आधी पाणी, मग झाडू

पुण्याजवळच्या चाकण, म्हाळुंगे, तळवडे, भोसरी या पट्ट्यात बरेच दिवस बंद असलेले गोदाम उघडले की पहिले काम झाडूचे. पॅलेटखाली उंदरांच्या लेंड्या, कुरतडलेला पुठ्ठा, वाळलेल्या मुताचे डाग. कंत्राटी कामगार तोंडाला रुमाल बांधून कोरडाच झाडू मारतो. उंदरांतला हंताविषाणू माणसापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः अशाच धुळीतून.

पुढचा प्रवास संशोधकांनी बराच उलगडला आहे. धुळीतले सूक्ष्म कण श्वासाबरोबर खोल फुफ्फुसात जातात. तिथे विषाणूच्या आवरणावरची प्रथिने पेशीवरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटतात. अमेरिका खंडातल्या हंताविषाणूंसाठी ते 'प्रोटोकॅडेरिन-१' असल्याचे २०१८ साली सिद्ध झाले. हे प्रथिन नसलेले बहुतेक हॅमस्टर त्यांपैकी अँडीज विषाणूच्या जीवघेण्या संसर्गातूनही वाचले. विषाणू चिकटला की पेशी त्याला पिशवीत घेऊन आत ओढते. पिशवीत आम्लता वाढते, विषाणूचे आवरण पिशवीच्या पडद्यात मिसळते आणि त्याचा आरएनए पेशीत सुटतो. या पेशी मरत नाहीत. पण त्यांचेच बनलेले रक्तवाहिन्यांचे अस्तर झिरपू लागते, शरीराचा प्रतिकारही त्यात भर घालतो आणि फुफ्फुसात पाणी भरते. अमेरिकेत फुफ्फुसाच्या या आजाराचे दहापैकी जवळजवळ चार रुग्ण दगावतात.

चाकणमध्ये अशी साथ आलेली नाही, तेव्हा घबराटीचे कारण नाही. पण गटारातल्या तपकिरी उंदरांतून जगभर पसरलेला 'सोल' विषाणू मूत्रपिंडावर घाला घालतो आणि त्याची लक्षणे लेप्टोस्पायरोसिससारखी (लेप्टो) दिसतात. हंताकुळातला थोट्टापालयम विषाणू तर १९६४ सालीच वेल्लोरला चिचुंद्रीत सापडला होता. लेप्टोची तपासणी निगेटिव्ह आली की विषय संपला, असे आपण मानतो. ते चुकीचे आहे. अशा वेळी हंताचीही शंका घ्यावी; विषाणूंवर काम करणारी देशातली प्रमुख संस्था, एनआयव्ही, पुण्यातच आहे.

पेशीचे दार बंद करणारे औषध अजून हाती नाही. धूळ उडू न देणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. गोदामाची दारे अर्धा तास उघडी ठेवावीत, लेंड्यांवर एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी शिंपडून पाच मिनिटे थांबावे, मगच ओल्या फडक्याने पुसावे. हातमोजे आणि एन-९५ मास्क कंपनीने द्यावेत. ही खरेदी कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडू नये. आणि डॉक्टरांनो, तापाने आलेल्या कामगाराला एवढे जरूर विचारा : गेल्या महिन्यात गोदाम झाडले होते का?