फोन उघडण्याची मुभा

नगरचिंतन : ‘तीरस्थ’

वाशी, नेरूळ किंवा बेलापूर यांपैकी कोणत्याही स्थानकालगतच्या गाळ्यांच्या रांगेतून सायंकाळी घरी परतताना, मोबाइलची कव्हरे, चार्जरच्या वायरी आणि पडद्यावर लावायच्या काचा यांच्या टांगलेल्या पसाऱ्यामागे, जेमतेम एका माणसाला बसता येईल एवढ्या जागेत, भिंगाला डोळा लावून सोल्डरिंगच्या तापल्या टोकाशी काम करणारा कारागीर आपणां सर्वांच्या नजरेस पडतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाल्यावर ज्या नगराचे विभाग, बाजार, उद्याने आणि स्थानके माणसे राहायला येण्यापूर्वीच कागदावर आखली गेली, त्या नवी मुंबईच्या आराखड्यात या कारागिराला जागा नव्हती, आणि तेव्हा ती असणेही शक्य नव्हते. पण आज त्याच्यावाचून या नगराचे व्यवहार आठवडाभरही सुरळीत चालणार नाहीत, अशी माझी खात्री झाली आहे, आणि तरीही त्याच्या हातात जी माहिती व जे सुटे भाग असावयास हवेत ते त्याला मिळू नयेत अशीच तजवीज फोन बनवणाऱ्यांनी करून ठेवली आहे. म्हणून या सप्ताहात त्याच्याविषयी लिहितो आहे.

३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातील मोबाइल सेवेचा आरंभ केला, त्यानंतर बरीच वर्षे हे यंत्र केवळ संभाषणाचे साधन होते. ते बिघडले तर माणूस नाक्यावरच्या पीसीओत जाऊन आपले काम भागवीत असे. आता त्याच यंत्रात लोकलचे तिकीट, बँकेचे खाते, गॅसची नोंदणी, मुलांच्या शाळेच्या सूचना आणि आधारशी जोडलेल्या क्रमांकावर येणारा ओटीपी हे सारे एकवटले आहे. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ या ॲपवरून भरले जात होते. अशा वेळी ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही बंद पडला आहे, त्या घरातल्या बाईने शासनाच्या दारी उभे राहायचे तरी कसे? तुर्भ्याच्या बाजार समितीतून पहाटे माल उचलणारा किरकोळ भाजीविक्रेता किंवा कोपरखैरण्याच्या गल्ल्यांतून घरपोच जेवण नेणारा तरुण यांच्या बाबतीत फोन बंद पडणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडणे होय. ऐरोली, रबाळे आणि महापे येथे माहितीची प्रचंड भांडारे उभी राहिली आहेत आणि घणसोलीत जिओचे विस्तीर्ण संकुल आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु या साऱ्या वैभवाचे शेवटचे टोक सामान्य माणसाच्या खिशात असते, आणि ते टोक जिवंत ठेवणारी चार्जिंगची पिन जेमतेम आठ मिलिमीटर रुंदीची असते.

या पिनेचेच उदाहरण घेऊ. नेरूळच्या एका गाळ्यावर मी उभा असताना एक तरुण धावतपळत आला. पाठीवर जेवणाच्या डब्यांची चौकोनी पिशवी, अंगावर ओला रेनकोट, आणि चेहऱ्यावर आता काय होणार ही भीती. ‘‘दादा, चार्जिंगच होत नाही, बघा ना लवकर.’’ कारागिराने फोन विजेरीसमोर धरला, बारीक सुईने पिनेच्या तळाशी हलकेच कोरले, तशी खिशातल्या कापसाची, धुळीची आणि घामाची घट्ट बसलेली काळसर वडी बाहेर आली. ‘‘पिन चांगली आहे, कचरा बसला होता,’’ एवढेच म्हणून त्याने वायर लावली, पडद्यावर विजेचे चिन्ह उमटले, आणि पैसे विचारले तेव्हा त्याने नुसती मान हलवली. त्या तरुणाला नवी पिन बसवल्याचे सांगून काही शे रुपये घेणे त्याला सहज शक्य होते. सगळेच कारागीर असे वागतात असा माझा दावा नाही. पण या धंद्यातला प्रामाणिकपणा आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक आहे.

पावसाळ्यात या गाळ्यांवर सर्वांत अधिक येतो तो पाणी गेलेला फोन. असा फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची वहिवाट घरोघरी पडली आहे, आणि ती सर्वथा सोडून द्यावी अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. तांदूळ फोनच्या आतले पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी पिनेत जाऊन बसते. आणि खरे नुकसान तर पाण्याहूनही त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे होते, जे पाणी सुकल्यावरही मदरबोर्डावर राहून धातू खात बसतात. म्हणूनच जाणता कारागीर सर्वांत आधी सांगतो, ‘‘काका, बंद करा आणि चार्जिंगला अजिबात लावू नका.’’ तो गरम हवेने मागचे झाकण सैल करतो, बॅटरीची पट्टी सोडवतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड ब्रशने धुतो, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट गंज चढलेले ठिकाण शोधू लागतो. एवढ्याने भागले नाही, बोर्डात कोठे शॉर्टिंग राहिले असले, तर तो जे करतो ते प्रत्येकाने एकदा पाहावे. रोझिन म्हणजे राळ. ती सोल्डरिंगच्या टोकाने जाळून तिचा धूर बोर्डावर धरला की साऱ्या भागांवर पांढुरके पातळ कवच बसते. मग पॉवर सप्लायमधून बेताचा दाब सोडला की जो भाग बिघडला असेल तोच तापतो, त्याच्यावरची राळ वितळून पारदर्शक होते, आणि त्या पांढऱ्या पटलावर मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक काळा ठिपका उघडा पडतो. तोच दोषी कपॅसिटर. चिमट्याने तो उचलला, त्याच्या जागी दुसरा बसवला, की कित्येकदा मेलेला फोन उठून बसतो. ही विद्या बहुतेकांना कोणत्याही शाळेत मिळालेली नाही. ती एका गाळ्यावरून दुसऱ्या गाळ्यावर, उस्तादाकडून शिकाऊ पोराकडे, हातोहात आली आहे.

याच्या शेजारी अधिकृत सेवाकेंद्राचा शिरस्ता ठेवून पाहा. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकांचा फोन पावसात भिजला. सेवाकेंद्रातील माणसाने सिमचा ट्रे ओढून आतली बारीक पांढरी टिकली पाहिली. पाणी लागले म्हणजे ती लाल होते, आणि ती लाल झाली होती, म्हणून हमीची मुदत शिल्लक असूनही हमी लागू नाही असे त्यांना कळवण्यात आले. मदरबोर्ड सबंध बदलावा लागेल, त्यास जवळजवळ नव्या फोनाइतका खर्च येईल, आणि आतली छायाचित्रे परत मिळणार नाहीत, असे अंदाजपत्रक त्यांच्या हाती पडले. त्या छायाचित्रांत त्यांच्या दिवंगत यजमानांची अखेरच्या वर्षातली छायाचित्रे होती. वर सांगितलेल्या रीतीने एका गाळ्यावर तो फोन सुरू झाला आणि छायाचित्रे हाती आली, हे सांगताना मला समाधान वाटते. पण कंपनीच्या दारातून त्यांना जे उत्तर मिळाले त्याविषयीचा संताप त्या समाधानाने कमी होत नाही. ज्याला एक बिघडलेला कपॅसिटर बदलता आला असता, त्याने सबंध बोर्ड कचऱ्यात टाकण्याचा सल्ला दिला, कारण त्याला दुरुस्ती करण्याची मुभाच नव्हती.

हे पूर्वी असे नव्हते. ठाण्यास मर्फी रेडिओचा कारखाना होता त्या काळातले रेडिओ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना स्मरत असेल की, पेटीच्या आतल्या बाजूस कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा नकाशाच चिकटवलेला असे. वस्तू विकणारा तिच्या दुरुस्तीची वाटही सोबत देई. आजच्या फोनमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते, बोर्डाचा नकाशा गुप्त ठेवला जातो, आणि काही कंपन्यांनी तर प्रत्येक सुट्या भागाला असा क्रमांक बांधून ठेवला आहे की त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनातला अस्सल पडदा काढून बसवला तरी फोन त्याला परका ठरवतो आणि सूचना झळकवतो किंवा एखादी सोय बंद करतो. अमेरिकेतील ओरेगन राज्याने २०२४ साली कायदा करून या बांधणीला मनाई केली. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी ही एकच पिन सक्तीची केली, आणि २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला की, एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही ७ वर्षे त्याचे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध असले पाहिजेत.

आपल्याकडे या विचाराची मुळे नाहीत असे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला आणि सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातील कारागिरांना नाकारणे हे स्पर्धेला मारक ठरवून एकूण २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; दंडाच्या रकमेबाबत पुढे अपिले झाली, पण तत्त्व कागदावर आले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली आणि तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि मोटारी असे चार विषय ठेवले. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्राहक दिनी त्याविषयीचे पोर्टलही सुरू झाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. जोपर्यंत सुटा भाग नाकारल्याबद्दल कोणास जाब विचारता येत नाही, तोपर्यंत हा हक्क सद्भावनेवर चालणार, आणि एवढ्या मोठ्या व्यापारात सद्भावनेवर विसंबणे मला सुज्ञपणाचे वाटत नाही.

कंपन्यांचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. गाळ्यांवर बसवले जाणारे भाग अनेकदा नकली असतात, हलक्या दर्जाची बॅटरी फुगते, प्रसंगी पेटते, असे त्या म्हणतात, आणि हे खरे आहे. ‘फर्स्ट कॉपी’, ‘कंपनी माल’ आणि ‘ओरिजिनल’ असे तीन भाव सांगणाऱ्या दुकानदाराच्या तिसऱ्या भावातही अस्सलपणाची शाश्वती नसते. परंतु ही स्थिती निर्माण कोणी केली? अस्सल ‘कॉम्बो’, म्हणजे काच आणि डिस्प्ले यांचा जोड, रास्त भावात बाहेर विकायचाच नाही, आणि मग बाहेर नकली मिळतो म्हणून बाहेरच्या कारागिराला बदनाम करायचे, हा न्याय नाही. अस्सल भागाचा पुरवठा खुला झाला तर नकलीचा बाजार आपोआप आटेल.

दुसरी अडचण विश्वासाची आहे, आणि तिच्याकडे ग्राहकानेच अधिक लक्ष दिले पाहिजे. टच तपासायचा म्हणून कारागीर पॅटर्न विचारतो, आपण तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून देतो, आणि ती चिठ्ठी फोनच्या पाठीवर चिकटपट्टीने लावून फोन दोन दिवस दुसऱ्याच्या खणात ठेवतो. ज्या यंत्रात आपले सारे दस्तऐवज आहेत त्याच्या बाबतीत हा निष्काळजीपणा शोभत नाही. काही कंपन्यांच्या फोनांत ‘रिपेअर मोड’ किंवा ‘मेंटेनन्स मोड’ या नावाची सोय आहे. ती चालू केली की कारागिराला यंत्र तपासता येते, पण आपली छायाचित्रे व संदेश दिसत नाहीत. तशी सोय नसेल तर दुरुस्ती समोर बसून करून घ्यावी, आणि काढलेला जुना भाग परत मागावा. चांगला कारागीर याने रागावत नाही.

आता आपल्या नगरापुरते. नेरूळच्या त्याच गाळ्याखाली वाळू भरलेला पत्र्याचा डबा आहे, आणि फुगलेल्या बॅटऱ्या त्यात ठेवल्या जातात. ही खबरदारी कारागिराने आपल्या शहाणपणाने घेतली आहे. डबा भरल्यावर तो कोठे रिता करायचा, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. २०२२ च्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांत अशा वस्तूंची अंतिम जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे, स्वच्छतेच्या सर्वेक्षणांत आपली महापालिका वर्षानुवर्षे वरच्या स्थानी आहे, आणि तरीही स्थानकाच्या गाळ्यापासून अधिकृत केंद्रापर्यंतची अर्धी वाट कोणाच्याच अखत्यारीत नाही. महापालिकेने प्रत्येक स्थानकाशी एक आगप्रतिबंधक पेटी ठेवावी आणि ती ठरलेल्या दिवशी उचलावी. सिडकोने आपल्या गाळ्यांच्या वाटपात दुरुस्तीच्या व्यवसायासाठी काही जागा माफक भाड्याने राखून ठेवाव्यात, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी या कारागिरांनाच शिक्षक म्हणून बोलवावे. राळेच्या धुराची ती युक्ती ज्याच्या हातात आहे त्याच्याकडे पदवी नाही म्हणून त्याला वर्गाबाहेर ठेवणे हे विद्येचेच नुकसान आहे.

वाचकांनाही एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. सेवाकेंद्राने दुरुस्ती नाकारली किंवा सुटा भाग देण्यास नकार दिला, तर तोंडी उत्तर घेऊन परतू नये. नकार आणि त्याचे कारण तारखेसह लेखी मागावे. ते मिळाल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा. ग्राहक आयोगासमोर जाण्याची वेळ आली तर पहिला पुरावा म्हणून तोच कागद लागतो.