पाहणाऱ्यांचा वाटा

क्रौर्याचा धिक्कार करण्यासाठी काढलेला चित्रपट स्वतःच क्रौर्याचे प्रदर्शन मांडू लागला, तर त्याला निषेध म्हणावे की व्यापार, हा वाद जुना आहे. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ग्रेगरी हॉब्लिट यांच्या ‘अनट्रेसेबल’ या चित्रपटाने तो पुन्हा उभा केला. त्यातील खुनी माणसांना पळवून नेऊन जखडतो आणि त्यांचे मरण इंटरनेटवरून थेट दाखवतो. एका बळीच्या शरीरात रक्त गोठू न देणारे औषध सोडलेले असते. पाहणारे जितके वाढतील तितका त्याचा मृत्यू जवळ येतो. यंत्र खुन्याचे असले तरी त्याला गती देतात ते घरबसले प्रेक्षक.

तिकडील बहुसंख्य समीक्षकांनी या चित्रपटावर कोरडे ओढले. लोकांच्या विकृत कुतूहलावर प्रवचन करणारा हा चित्रपट त्याच कुतूहलावर तिकिटे विकतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. रॉजर ईबर्ट यांनी मात्र त्याची घट्ट बांधणी वाखाणली. आक्षेप निराधार नव्हता. यातनांच्या तपशिलात कॅमेरा जो रस घेतो, तो केवळ बोधासाठी आहे असे मानणे कठीण आहे. परंतु दिग्दर्शकाचे ढोंग सिद्ध झाले म्हणून प्रेक्षक निर्दोष ठरत नाही, आणि चित्रपटाने विचारलेला प्रश्नही निकालात निघत नाही.

हा प्रश्न अमेरिकेपुरता आहे, असे निदान नांदगाव तालुक्याने तरी समजू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. त्याच दिवशी नांदगावला लागून असलेल्या मालेगावातही जमाव एका कुटुंबावर धावून गेला. पोलिसांनी वेळीच सोडवले म्हणून ते वाचले. त्या दिवसांत देशभर फिरत असलेली एक चित्रफीत मुळात कराचीतील जनजागृतीची जाहिरात होती. पळवलेले मूल परत आणून दिल्याचा तिचा शेवट कोणीतरी कापला आणि उरलेला भाग लाखो हातांनी पुढे ढकलला. राईनपाड्याच्या मारहाणीचेही मोबाइलवर चित्रण झाले आणि तेही पुढे सरकत राहिले.

यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. हे उपाय आवश्यकच होते. परंतु संदेश पाचांना पाठवावा की कोणालाच पाठवू नये, हा निर्णय कंपनी किंवा न्यायालय घेऊ शकत नाही. तो नांदगावच्या बाजारात, मनमाडच्या फलाटावर, ज्याच्या हाती मोबाइल आहे त्यालाच घ्यावा लागतो. संशय आला तर पोलीस ठाण्याला कळवावे आणि मारहाणीची चित्रफीत आली तर तेथेच थांबवावी, एवढे साधे कर्तव्य आहे.

समीक्षकांनी नाकारलेला तो चित्रपट कदाचित विस्मरणातही जाईल. पण त्यातले यंत्र काल्पनिक राहिलेले नाही. ते चालवायला मारेकरी एक पुरतो, प्रेक्षक मात्र पुष्कळ लागतात; आणि प्रेक्षक होण्याचे नाकारणे प्रत्येकाच्या हाती आहे.