वायगावची हळद आणि आतड्याचे अस्तर

समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्यातील कुरक्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याचे भरघोस प्रमाण ही तिची ओळख ठरली. वर्धा जिल्ह्याच्या शेतीला लाभलेला हा मान रास्तच आहे. मात्र त्याच कुरक्युमिनच्या कॅप्सूल आता ‘आतड्याची गळती थांबवणारे अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जात असताना, स्वयंपाकघराची पुण्याई औषधी दाव्याच्या खात्यावर जमा करण्याचा हा प्रकार रोखला पाहिजे.

आतड्याचे आतील अस्तर अवघ्या एका पेशीच्या जाडीचे असते. या पेशींना एकमेकींशी जखडणारे प्रथिनांचे बंध, म्हणजेच ‘घट्ट सांधे’, पाणी व क्षार यांना मोजकी वाट देतात आणि जिवाणूंची विषे अडवतात. संसर्ग, मद्य किंवा वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे पेशींत ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे वाढली, की हे सांधे सैल पडतात. ही संयुगे निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. प्रयोगशाळेतील पेशींवर कुरक्युमिनने हे सांधे सावरल्याचे दिसले आहे, आणि जपानमधील २००६ च्या एका चाचणीत, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह शांत असलेल्या ८९ रुग्णांना ते नेहमीच्या औषधांच्या जोडीने दिल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण घटले. तथापि, डॉक्टरांच्या देखरेखीखालील विशिष्ट रुग्णांचा हा निष्कर्ष धडधाकट माणसाला लागू करण्यास आधार नाही.

अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी यापूर्वीही फसवले आहे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेला आढळला.

कुरक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, म्हणून अनेक उत्पादक त्यात काळ्या मिरीतील पायपेरिन मिसळतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवल्याप्रमाणे त्यामुळे माणसाच्या रक्तातील त्याची उपलब्धता अनेक पटींनी वाढते. भाजीतील चिमूटभर हळद आणि ही कॅप्सूल यांची बरोबरी येथेच संपते. इटलीत २०१९ मध्ये हळदीची पूरके घेणाऱ्यांत यकृतदाहाचे रुग्ण एकापाठोपाठ आढळले आणि २०२२ मध्ये तेथील आरोग्य खात्याने वेष्टनावर इशारा बंधनकारक केला.

पूरके मुळातच निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. अतिसार झालेल्या बालकाला क्षारसंजीवनीबरोबर १४ दिवस जस्ताची गोळी देण्याचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात आहे; जस्त अस्तराची दुरुस्ती करते आणि शरीराच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंट यंत्रणेचाही तो घटक आहे. येथे उणीव ठाऊक आहे, मात्रा ठरलेली आहे आणि लाभ चाचण्यांतून सिद्ध झाला आहे. ही स्वस्त गोळी गावोगावच्या आशा सेविकेच्या पिशवीत वर्षभर असणे आणि विहिरी-नळांचे पाणी दूषित न राहणे, यांवर जिल्ह्यातील मुलांची आतडी कोणत्याही महागड्या डबीपेक्षा अधिक अवलंबून आहेत.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हळदीच्या कॅप्सूलवर पायपेरिनचे प्रमाण आणि यकृत व पित्ताशयाच्या रुग्णांसाठीचा इशारा ठळक मराठीत छापणे सक्तीचे करावे. सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी काविळीच्या प्रत्येक रुग्णाला अशा पूरकांविषयी विचारून त्याची नोंद ठेवावी, म्हणजे वायगावच्या शेतकऱ्याच्या हळदीवर उद्या कॅप्सूलच्या दोषाचे खापर फुटणार नाही.