रोग्याचे अदृश्य सोबती

निर्मल, भैंसा वा मुधोळच्या खेड्यांतून रोगी अत्यवस्थ झाला की आप्तजन त्याला कधी निर्मलच्या सरकारी दवाखान्यात, कधी निजामाबादेस वा नांदेडास, तर कधी थेट हैदराबादेस नेतात. त्या गाडीत रोग्यासमवेत अदृश्य सोबतीही असू शकतात, हे आम्हांपैकी थोड्यांच्याच ध्यानी येते. औषधांस दाद न देणारे जंतू त्याच्या आतड्यांत, नाकात वा त्वचेवर आधीच वस्ती करून असतात. त्यांचा त्रास मात्र त्याला जाणवलेला नसतो. असे जंतू केवळ रुग्णालयातच जडतात, ही समजूत अपुरी आहे. पुष्कळदा ते घरूनच येतात.

प्रतिजैविक औषध घेतले की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात हा धोका सांगून ठेवला होता. पाणीही निर्दोष नाही. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यातही दर लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचे स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. २०१९ या एका वर्षात अशा जंतूंनी जगभर सुमारे १२ लाख ७० हजार बळी घेतले, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

तातडीच्या विभागात डॉक्टरांपाशी वेळ थोडा असतो. जंतूंच्या तपासणीचा निकाल हाती येण्यास दोन-तीन दिवस लागतात. रक्तात विष भिनलेल्या रोग्यास तेवढी सवड नसते. म्हणून पहिले औषध अनुमानानेच द्यावे लागते. जंतू त्यास सरावलेले असले तर मोलाचे तास व्यर्थ जातात, आणि क्वचित प्राणही.

तेव्हा वाचकहो, साध्या पडशासाठी आर. एम. पी. कडे वा दुकानदाराकडे अशा गोळ्यांचा हट्ट धरू नका. पडशाच्या विषाणूवर त्या चालत नाहीत. उरलेल्या गोळ्या शेजारणीस देऊ नका. गेल्या काही महिन्यांतील औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत जपून ठेवा आणि दवाखान्यात प्रथम त्याच दाखवा. रोग्याची सेवा केल्यावर हात साबणाने धुवा. मात्र असा रोगी अस्पृश्य मानून कोणी दूर लोटू नये. त्याचा अपराध काहीच नाही. आज घरात वाचविलेली अनावश्यक गोळी उद्या आपल्याच लेकराच्या कामी येईल, असे आम्हांस वाटते.