चौपट, पण कशाच्या?

१ ऑगस्ट २०२५ रोजी लखनौ जिल्ह्यात जमिनीचे नवे सरकारी दर लागू झाले. आपल्याकडे ज्याला रेडीरेकनर म्हणतात, त्याला तिकडे सर्किल रेट म्हणतात. आधीचे दर २०१५ चे होते. म्हणजे उत्तर प्रदेशच्या राजधानीभोवतालची जमीन सरकारी दप्तरात तब्बल दहा वर्षे एकाच भावावर बसून होती. दप्तराबाहेर मात्र याच दहा वर्षांत शहराचा चेहरामोहरा बदलला.

नोव्हेंबर २०१६ मध्ये ३०२ किलोमीटरच्या आग्रा-लखनौ द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन झाले. त्याचे लखनौकडचे टोक सरोसा-भरोसा या गावाजवळ आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये चांदसराय गावापासून थेट गाझीपूरपर्यंत जाणारा सुमारे ३४१ किलोमीटरचा पूर्वांचल द्रुतगती महामार्ग सुरू झाला. शहराला वेढा घालणारा सुमारे १०४ किलोमीटरचा बाह्यवळण रस्ता झाला आणि त्याला नाव मिळाले 'किसान पथ'. जानेवारी २०२२ मध्ये ६३ किलोमीटरच्या लखनौ-कानपूर द्रुतगती महामार्गाची पायाभरणी झाली. या रस्त्यांनी पूर्वेकडचे मागास जिल्हे राजधानीच्या जवळ आणले. भाजी, दूध, रुग्ण, परीक्षेला निघालेली मुले, सगळ्यांचे तास वाचले. रस्ते नकोत, असे तिथला शेतकरीही सहसा म्हणत नाही. त्याची तक्रार वेगळी आहे आणि ती नीट ऐकून घ्यायला हवी.

२०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला आणि १८९४ चा इंग्रजी कायदा इतिहासजमा झाला. नव्या कायद्यात ग्रामीण जमिनीच्या बाजारभावाला दोनपर्यंतचा गुणांक लावता येतो आणि जी रक्कम येईल तेवढीच दिलासा रक्कम वर द्यायची असते. गुणांक दोन धरला की मोबदला चौपट होतो. शहरी जमिनीला गुणांक एकच, म्हणून तिथे दुप्पट. 'चौपट मोबदला' हे शब्द तेव्हापासून मंत्र्यांच्या प्रत्येक भाषणात ऐकू येतात. ऐकणाऱ्याला वाटते, आता शेतकऱ्याला आणखी काय हवे?

पण चौपट कशाच्या? कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुद्रांक शुल्कासाठी ठरलेला सरकारी दर आणि जवळपासच्या खरेदीखतांची सरासरी यांत जो आकडा मोठा, तो बाजारभाव. सरकारी दर दहा वर्षे जुना असेल तर खरेदीखतेही त्याच्याच आसपास घुटमळतात. मुद्रांक शुल्क वाचवायचे, थोडी रक्कम कागदावर आणि बाकीची हातावर, हा व्यवहार गंगेच्या खोऱ्यात जसा चालतो तसा कृष्णेच्याही चालतो. ज्याने कधी जमीन विकलीच नाही, त्या शेतकऱ्याला या खोट्या कागदांचा फटका बसतो, कारण त्याच्या रानाची किंमत शेजाऱ्यांच्या खरेदीखतांवरून ठरते. चार पट करून येणारी रक्कमही मग त्याच पंचक्रोशीत तेवढीच जमीन घ्यायला पुरेल, याची शाश्वती राहत नाही. गावातला शेतकरी मोबदल्याचे मोल एकाच मापाने करतो: गेली तेवढी जमीन परत घेता येईल का?

याला उपाय नाही असे नाही. तो त्याच कायद्यात लिहून ठेवला आहे. कलम २६ च्या पोटकलम ३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, कोणत्याही भागात भूसंपादन सुरू करण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याने तिथल्या जमिनीचा बाजारभाव प्रचलित दराप्रमाणे सुधारून घ्यावा. करावे की न करावे असा पर्याय तिथे नाही. ते कर्तव्य आहे. राजधानीच्या जिल्ह्यात सर्वसाधारण दर बदलायलाच दहा वर्षे लागत असतील, तर आडवळणाच्या जिल्ह्यांत या पोटकलमाकडे किती लक्ष जात असेल?

गुणांकाचीही एक गोची आहे. २०१९ च्या अखेरीस लखनौ महापालिकेची हद्द वाढली आणि ८८ गावे शहरात आली. एखाद्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला नाही, गटार आले नाही, बांधावरचा चिखलही तसाच राहिला; पण गाव शहरी गणले गेले की कायद्याच्या हिशेबात चारचे दोन होतात. शहराच्या वाढीमुळे ज्या जमिनीचे मोल चढले, त्याच जमिनीचा गुणांक शहराच्या वाढीमुळेच उतरावा, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही.

आग्रा-लखनौ महामार्गाचे उदाहरण अनेकदा कौतुकाने दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. दहा जिल्ह्यांतल्या सुमारे तीस हजार शेतकऱ्यांची जमीन सक्तीने न घेता मुख्यतः आपसी सहमतीने, बैनामे म्हणजे खरेदीखते करून घेतली गेली. गोळी चालली नाही, काम झपाट्याने उरकले. तरीही २०१७ मध्ये सत्ता बदलल्यावर नव्या सरकारने मार्गावरच्या गावांतले आधीचे जमिनीचे व्यवहार तपासण्याचे आदेश दिले. आखणी कुठून जाणार हे ज्याला आधी कळते, तो आधी जमीन घेतो आणि मग मोबदल्याच्या रांगेत पुढे उभा राहतो, हा संशय प्रत्येक महामार्गाच्या पाठीला चिकटलेला असतो. सहमतीत आणखी एक माणूस सुटतो, तो म्हणजे बटाईदार. दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसणारा. २०१३ च्या कायद्याने तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असलेल्या शेतमजुराला आणि वाटेकऱ्यालाही बाधित कुटुंब मानले. खरेदीखतावर मात्र नाव येते ते खतौनीतल्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीतल्या मालकाचे. पैसे मालकाला मिळतात आणि बटाईदार त्या दिवसापासून बेकार होतो. त्याची नोंद ना विकणाऱ्याकडे असते ना घेणाऱ्याकडे.

रस्त्यासाठी घरेदारे घेण्याचा लखनौचा अनुभव जुना आहे. १८५७ चा उठाव मोडल्यावर कर्नल रॉबर्ट नेपियर याने शहराचा लष्करी आराखडा केला. सैन्याला बिनअडथळा फिरता यावे म्हणून दाट वस्तीतून सरळ, रुंद रस्ते काढले गेले. चौक नावाच्या जुन्या वस्तीतून व्हिक्टोरिया स्ट्रीट निघाला. वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांनी या काळाचा जो इतिहास लिहिला आहे, त्यातून त्या पाडकामाची व्याप्ती समजते. ते राज्य जिंकणाऱ्याचे होते, त्याला कोणाला विचारायचे नव्हते. आजचे राज्य ज्यांच्या मतावर उभे आहे त्यांना विचारणे त्याला भाग आहे.

आणि विचारले नाही की काय होते, हेही उत्तर प्रदेशाने पाहिले आहे. यमुना द्रुतगती महामार्ग आणि त्याच्या कडेच्या वसाहतींसाठीच्या जमिनीवरून ऑगस्ट २०१० मध्ये अलीगढ जिल्ह्यातल्या टप्पलला आणि मे २०११ मध्ये भट्टा-पारसौलला गोळीबार झाला. शेतकरीही मेले आणि पोलिसही. त्यानंतर जून २०११ मध्ये मायावती सरकारने लखनौत नवे जमीन धोरण जाहीर केले. त्यात शेतकऱ्याला रोख मोबदल्याखेरीज ३३ वर्षे दर एकरी वार्षिक रक्कम देण्याची तरतूद होती. ती कल्पना पुढे नेण्यासारखी होती. एकरकमी पैसा गाडी, लग्न आणि कर्जफेड यांत संपतो, हे गावोगावी दिसते. पुढे २०१३ चा कायदा आला, त्यामागे या गावांचे रक्त आहे, हे विसरू नये.

राष्ट्रीय महामार्गांची वाट मात्र वेगळी राहिली. त्यांचे भूसंपादन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने होते. या कायद्यात अधिसूचनेनंतर हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात आणि कलम ३ड ची घोषणा प्रसिद्ध होताच जमीन केंद्र सरकारची होते. किती पैसे द्यायचे हे त्यानंतर ठरते. मालकी आधी जाते, भाव मागून येतो. भाव मान्य नसेल तर दाद लवादाकडे मागायची आणि तो लवादही केंद्र सरकारनेच नेमलेला, बहुधा महसुली अधिकारी. ज्याने जमीन घेतली त्यानेच निवाडा करणारा नेमायचा, ही रचना बदलल्याशिवाय शेतकऱ्याचा विश्वास बसणार नाही.

१९९७ मध्ये या कायद्यात कलम ३ज घातले गेले आणि महामार्गासाठी जमीन गेलेल्यांची दिलासा रक्कम व व्याज बंद झाले. त्याच तालुक्यात कालव्यासाठी जमीन गेली तर दिलासा रक्कम, महामार्गासाठी गेली तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. त्यावर महामार्ग प्राधिकरण पुन्हा न्यायालयात गेले, हा निकाल पुढच्या काळापुरताच ठेवावा म्हणून. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती मागणीही फेटाळली. शेतकऱ्याच्या हक्काचे पैसे देण्याऐवजी एका सरकारी संस्थेने वकिलांवर इतकी वर्षे घालवावीत, हे खेदजनक आहे.

दिरंगाईची याहून लांब कहाणी हिमाचल प्रदेशातली. १९६७-६८ मध्ये तिथल्या एका विधवेची जमीन रस्त्यासाठी घेतली गेली. संपादन नाही, मोबदला नाही. न्यायालयाचा दरवाजा ठोठावायचा असतो हेही तिला माहीत नव्हते. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मोबदला मिळवून दिला, तेव्हा ती ऐंशी वर्षांची होती. सरकारने इतक्या वर्षांच्या ताब्यामुळे जमीन आपलीच झाल्याचा दावा केला होता. न्यायालयाने तो मोडून काढला आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत अधिकारांच्या यादीत उरला नसला, तरी कलम ३००अ खाली तो घटनादत्त हक्क आहे, याची आठवण दिली. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये महामार्ग रुंद करण्यासाठी एक घर बुलडोझरने पाडले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला आणि रस्ता रुंदीकरणाची रीत घालून दिली: रस्त्याची मूळ रुंदी कागदावरून तपासा, अतिक्रमणाची मोजणी करा, नोटीस द्या, म्हणणे ऐका, आणि जागा खासगी निघाली तर आधी ती कायद्याने संपादित करा. रस्त्याच्या कडेला घर किंवा दुकान असणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम पाठ करून ठेवावा.

लखनौ-कानपूर महामार्गात एक गोष्ट लक्ष वेधून घेते. लखनौकडच्या दाट पट्ट्यात जवळपास १८ किलोमीटर रस्ता जुन्या महामार्गाच्याच रेषेवरून, बराचसा खांबांवर नेला आहे. पुढचा सुमारे ४५ किलोमीटरचा भाग नव्या जमिनीवरून जातो. शहरातली बांधलेली जमीन महाग, म्हणून तिथे अभियंत्यांनी डोके चालवले. शेताची किंमत कागदावर कमी, म्हणून तिथे सरळ रेघ ओढली गेली. जमीन स्वस्त दाखवली की ती उधळली जाते; खरा भाव मोजावा लागला तर आखणीच आखडती होईल, जुने रस्ते रुंद करण्याचा विचार आधी होईल. योग्य मोबदल्याने प्रकल्प अडतात, असे म्हणणाऱ्यांनी याचाही हिशेब करावा.

महाराष्ट्राला यातले काहीच परके नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाला सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाची योजना होती. शेतकऱ्यांनी ती झिडकारल्यावर सरकार थेट खरेदीवर आले, पाचपट भाव दिला आणि रस्ता झाला. हाच धडा शक्तिपीठ महामार्गाच्या वेळी विसरला गेला. पवनार ते पत्रादेवी, ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे. कोल्हापुरातल्या बागायतदारांनी रस्त्यावर उतरून विरोध केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर तिथले संपादन मागे घेतले गेले आणि जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रकल्पाला पुन्हा मंजुरी दिली. २०१८ च्या राज्य दुरुस्तीने महाराष्ट्र महामार्ग कायद्याखालच्या संपादनाला सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट मिळालेली आहे. हा रस्ता इथूनच का, या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेला द्यायचे बंधन त्यामुळे उरत नाही, आणि मग तो प्रश्न मोर्चात विचारला जातो.

लखनौत पुढची मोजणी दाराशी आहे. आग्रा आणि पूर्वांचल हे दोन महामार्ग जोडणाऱ्या सुमारे ५० किलोमीटरच्या नव्या रस्त्याला उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली. नवे दर लागू झाले ऑगस्टमध्ये. कायद्याने भाव धरायचा तो अधिसूचनेच्या तारखेचा. म्हणून त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने आणि वर्धा ते सिंधुदुर्ग या रेषेवरच्या आपल्याही शेतकऱ्याने नोटीस हातात पडताच रकमेच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात: अधिसूचनेची तारीख कोणती, आणि त्याआधी जिल्हाधिकाऱ्याने कलम २६(३) प्रमाणे भाव सुधारल्याचा आदेश कुठे आहे. तो आदेश नसेल, तर हरकत लेखी नोंदवावी आणि तिची पोच घ्यावी.