मोडीत निघालेली विमाने

युद्ध संपले की हत्यारांचे काय होते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात कधी नसतो. तह झाला, सह्या झाल्या, धडा संपला!

६ सप्टेंबर १९४५ रोजी न्यू ब्रिटन बेटावरील रबौल येथील जपानी सेनापती जनरल इमामुरा यांनी शरणागतीवर सही केली. रबौलची लढाऊ विमानदले फेब्रुवारी १९४४ मध्येच ट्रुक बेटाकडे हलवली होती. मागे राहिलेल्या कारागिरांनी मोडक्या विमानांचे सुटे भाग जोडून पुन्हा उडणारी विमाने तयार केली होती. शरणागतीनंतर त्यांतली काही याच बेटावरच्या जॅकिनो बे धावपट्टीवर न्यूझीलंडच्या हवाईदलाच्या ताब्यात देण्यात आली. ती चालवत आणली जपानी वैमानिकांनीच, आणि बाजूने पहाऱ्याला न्यूझीलंडची कॉर्सेअर विमाने! कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे त्या दिवशी एकाच आकाशात शेजारी शेजारी उडत होती.

पुढे त्यांतली बहुतेक मोडीत गेली. युद्धाला कंटाळलेल्या माणसांना शत्रूच्या यंत्राचे काय कौतुक असणार? त्यांना दोष देववत नाही.

शेजारच्या बूगनविल बेटावरही जपानी कारागिरांनी असेच एक झीरो विमान गुपचूप दुरुस्त केले होते. ते उडायच्या आत युद्ध संपले. न्यूझीलंडचे विंग कमांडर कोफोड यांनी ते स्वतः उडवत आपल्या तळावर आणले. आज ते ऑकलंडच्या वॉर मेमोरियल म्युझियममध्ये आहे. कुणाला तरी ते जपावेसे वाटले, म्हणून ते उरले.

शत्रूची वस्तू का जपायची, असे कुणी विचारील. माझे मत असे की, जपावी. शत्रूलाही हात होते, कसब होते, घरी परतायची ओढ होती, हे मुलांना नुसते सांगून पटत नाही, दाखवावे लागते.

आणि आपले काय? सिंगापूर पडल्यावर कैद झालेले हजारो भारतीय सैनिक जपान्यांनी याच भागात मजुरीला आणले होते. कित्येक तिथेच गेले. रबौलजवळच्या बिटा पाका स्मशानभूमीत त्यांच्याही कबरी आणि स्मृती आहेत. आपल्या किती शाळांत हे शिकवले जाते? विमान मोडीत गेले तर धातू तरी हाती येतो. माणसांची आठवण मोडीत काढली, तर हाती काय उरते?