स्थलांतरित कोणाला म्हणावे? कोल्हारचा ऊस आणि धर्मभगिनींचा प्रश्न

कोल्हारला प्रवरेच्या एका तीरावर राहाता तालुका, तर दुसऱ्या तीरावर राहुरी. नगर-मनमाड रस्त्याने पूल ओलांडताना ही हद्द कोणाच्या ध्यानातही येत नाही. कोणती हद्द मोजायची आणि कोणती नाही, हे कायदा ठरवतो. आजचा धागा त्या निवडीविषयी आहे.

जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. ऊस तोडणारे हात मात्र त्यात तळटीपेपुरते येतात. दिवाळीच्या सुमारास बीड-पाथर्डीकडची कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन निघतात, फडाजवळ कोपी उभारतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथेच राहतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मजुरांची गणतीच हत्याराच्या नावाने होते, यावर वेगळा धागा लिहावा लागेल.

आता १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाहा. त्याच्या मुळाशी ओडिशातील 'दादन' मजुरांची दैना होती. दादन हा मूळ फारसी शब्द, अर्थ 'देणे'. म्हणजे आपली उचलच. या कायद्याने प्रवासभत्ता, विस्थापनभत्ता, निवारा आणि औषधोपचार ही कंत्राटदाराची जबाबदारी ठरवली. त्यातली एक मूलभूत अट: मजुराने राज्याची सीमा ओलांडलेली असावी.

कायद्याने आखलेल्या अशा रेषांना आव्हान देणाऱ्यांत कॅथलिक धर्मभगिनी ठळकपणे दिसतात. अमेरिकेत 'नेटवर्क' या त्यांच्या संघटनेने २०१३ साली स्थलांतर कायद्यातील सुधारणेसाठी देशभर बसयात्रा काढली. टेक्सासच्या सीमेवर मॅकॅलन येथे सिस्टर नॉर्मा पिमेंटेल यांनी २०१४पासून मेक्सिकोकडून येणाऱ्या कुटुंबांसाठी निवारा चालवला आणि त्यांची बाजूही जाहीरपणे मांडली.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक मूलगामी वाटते. बेल्जियमहून साठच्या दशकात भारतात आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५ साली राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली आणि पुढे मुंबई हे तिचे प्रमुख केंद्र झाले. खेड्यापाड्यांतून आणि आदिवासी भागांतून आलेल्या मुली शहरातल्या बंद दारांआड राबत होत्या, आणि घर हे कामाचे ठिकाण आहे हेच कायद्याला मान्य नव्हते. या चळवळीसह अनेक संघटनांच्या रेट्यातून २००६ साली चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर बंदी आली, २००८ साली महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारविषयक १८९वा करार संमत झाला. भारताने बाजूने मत दिले. अनुसमर्थन मात्र अद्याप केलेले नाही.

नगर जिल्ह्यात मिशनचा विषय निघाला की चर्चा शाळा, दवाखाने आणि धर्मांतर या तीन खुंट्यांभोवतीच फिरते. त्यामुळे धर्मभगिनी म्हटले की आपल्याला सेवा दिसते, राजकीय मागणी दिसत नाही. डेव्होस यांची मागणी दयेची नव्हती. जिला घरात मोलकरीण म्हणतात, तिला कायद्याने कामगार म्हणावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ऊसतोडीच्या प्रश्नातही सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असे माझे मत आहे.

यावर कोणी ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे बोट दाखवील. महामंडळ योजना देते. योजना सरकारच्या इच्छेवर चालते. हक्क बजावता येतो. २०२०च्या श्रमसंहितेने स्थलांतरिताची व्याख्या रुंदावली, कंत्राटदाराविना स्वतःहून आलेल्यालाही आत घेतले, तरी 'आंतरराज्य' हा शब्द जागचा हलला नाही.

परिणाम असा की पाथर्डीहून बेळगावकडच्या फडात गेलेले जोडपे स्थलांतरित ठरू शकते. तेच जोडपे कोल्हारच्या शिवारात आले, तर त्याने जिल्ह्याचीही हद्द ओलांडलेली नसते. मुकादम तोच, उचल तीच, कोपीही तशीच.